मक्याच्या मुलखातील छोटे गाव

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहोत. आमची मुलगी डॉक्टर असून अमेरिकेतील आयोवा राज्यात, जेमतेम दोन हजार वस्तीच्या एका गावातील रुग्णालयात काम करते. एप्रिलमधील खरड छाटणी उरकली की आम्ही दोघे पाच-सहा महिने तिच्याकडे राहावयास जाणार आहोत. मुलगी फोनवर सांगते की, तेथे चहूकडे मका आणि सोयाबीन आहे, दिवसा रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि तरीही गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असते. शेतकऱ्यांचे गाव आणि रस्त्यावर माणूस नाही, हे आम्हांला उमगत नाही. असे गाव वसले कसे, तेथील माणसे कशी राहतात, आणि आमच्याशी कोणी बोलेल का?

उत्तर : आपल्या शंकेचे उत्तर शोधायचे तर तेथील जमीन कशी मोजली गेली येथून सुरुवात करावी लागते. १७८५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून असे ठरवले की, वायव्येकडील जमीन लोकांना विकण्याआधी ती चौकोनांत मोजून घ्यावी. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौरसाला टाउनशिप म्हणावे, त्याचे छत्तीस सारखे भाग पाडावेत, प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा असावा, आणि त्यांतील सोळाव्या क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखून ठेवावा, असा तो नियम होता. ही मोजणी ओहायोपासून सुरू होऊन पुढे आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस, डकोटापर्यंत पसरली. आपल्याकडे शिवेचा बांध ओढ्याबरोबर वळतो. तेथे रस्ता मैलामैलावर काटकोनात दुसऱ्या रस्त्याला छेदत जातो, आणि विमानातून पाहिले तर हे चौकोन आजही स्पष्ट दिसतात.

ही जमीन निर्मनुष्य नव्हती, हेही सांगितले पाहिजे. आयोवाच्या पूर्व भागात सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी जमातींची गावे आणि मक्याची शेते होती. १८३२ साली त्यांच्याशी झालेल्या युद्धानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा मोठा पट्टा त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आणि तेथे गोऱ्या वसाहतकऱ्यांची वस्ती सुरू झाली. मेस्क्वाकींनी १८५७ साली स्वतःचे पैसे जमवून टामा परगण्यात थोडी जमीन परत विकत घेतली, आणि त्यांची वस्ती आजही तेथे आहे. शक्य झाल्यास मुलीबरोबर तो भाग अवश्य पाहावा, कारण त्या मुलखाचा इतिहास नांगराच्या आधीपासून सुरू होतो हे तेथे गेल्यावर नीट कळते.

नांगराचा उल्लेख आलाच आहे, तर आपल्यासारख्या शेतकऱ्याला मातीविषयी दोन शब्द सांगतो. गोदाकाठची आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तेथील मातीचा काळा रंग हजारो वर्षे वाढलेल्या आणि कुजलेल्या उंच गवताच्या मुळांमुळे आला आहे. ती चिकट माती बिडाच्या नांगराला धरून बसत असे. १८३७ साली इलिनॉयमधील जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, तेव्हा ती सुटू लागली. मात्र सखल भागात पाणी साचत असल्याने शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून निचरा केला. आपण पाणी आणण्यासाठी जेवढा खटाटोप करतो, तेवढाच खटाटोप त्यांनी पाणी घालवण्यासाठी केला आहे.

आता माणसांकडे येतो. निफाडला अनेक कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात राहतात, हे आपण जाणताच. आयोवातील शेतकरी पहिल्यापासून मळ्यातच राहत आला आहे. जमीन चौकोनांत विकली गेल्याने प्रत्येकाने आपल्या चौकोनात घर बांधले, आणि गावात राहिले ते दुकानदार, लोहार, धर्मोपदेशक, शिक्षक, डॉक्टर आणि बँकवाले. लोहमार्ग आले तेव्हा रेल्वे कंपन्यांनी काही मैलांच्या अंतराने स्थानके काढून त्यांच्याभोवती गावांचे नकाशे आखले. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून निघावे, ते विकून, सामान घेऊन अंधार पडायच्या आत घरी परतावे, असा त्या अंतरामागचा हिशेब होता. अर्थात, तेथील गाव हे शेतकऱ्यांचे राहण्याचे ठिकाण म्हणून नव्हे, तर त्यांच्या कामाचे ठिकाण म्हणून जन्माला आले. आपल्याला तेथे पार, चावडी किंवा गल्ली सापडणार नाही ती यामुळेच.

मग गाव रिकामे का वाटते, हे एका साध्या हिशेबाने समजेल. एकोणिसाव्या शतकात सरकारने १८६२ च्या होमस्टेड कायद्याने नेब्रास्का-डकोटाकडे कुटुंबामागे १६० एकर जमीन दिली, आणि आयोवातही त्या काळी साधारण तेवढ्यावर एक कुटुंब नांदत असे. छत्तीस चौरस मैलांच्या टाउनशिपमध्ये प्रत्येकी १६० एकरांची १४४ कुटुंबे मावतात. आज मका-सोयाबीन करणारे एखादे कुटुंब हजार-बाराशे एकर जमीन कसते, त्यातील बरीचशी खंडाने घेतलेली असते, आणि १,२८० एकरांचा हिशेब धरला तर त्याच टाउनशिपमध्ये अठराच कुटुंबे उरतात. एवढ्या कुटुंबांवर किती किराणा दुकाने, किती शाळा आणि किती कॅफे चालणार? आयोवात लहान-मोठी सगळी शेते धरून एका शेताचे सरासरी क्षेत्र सुमारे ३४५ एकर आहे. आपल्या महाराष्ट्रात खातेदारामागे सरासरी सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन आहे. एकरी २०० बुशेल, म्हणजे सुमारे पन्नास क्विंटल मका घेणारा तेथील शेतकरी ते काम दोन-तीन माणसांत आणि मोठ्या यंत्रांवर करतो. आपल्या मुलीला दिवसा रस्त्यावर माणूस दिसत नाही, कारण थोडीच माणसे आहेत आणि तीही कोठे ना कोठे कामात आहेत.

गावाचे रूप सांगावयाचे तर दुरून आधी दोन उंच गोष्टी दिसतात. एक म्हणजे गावाचे नाव लिहिलेली पाण्याची टाकी, आणि दुसरी लोहमार्गालगतची धान्याची उंच कोठारे, ज्यांना तेथे एलिव्हेटर म्हणतात. हे कोठार पुष्कळदा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे असते, आणि आपली विकास सोसायटी, बाजार समिती आणि खत-बियाण्यांचे दुकान एका आवारात आले तर जे काम होईल, ते काम ती संस्था करते. गावात एक मुख्य रस्ता, त्यावर विटांच्या जुन्या दुमजली इमारती, बँक, टपाल कार्यालय, युद्धातून परतलेल्या सैनिकांची सभागृहे, आणि वस्तीच्या मानाने पुष्कळ वाटतील अशी चर्चे. आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन या भागांत जर्मन, नॉर्वेजियन, स्वीडिश, डच, चेक असे निरनिराळे लोक येऊन राहिले, आणि प्रत्येकाने आपले चर्च बांधले. पेला नावाच्या आयोवातील गावात डच वंशाचे लोक आजही मे महिन्यात ट्यूलिप फुलांचा उत्सव करतात. आपला तेथील काळ पाहता तो आपल्याला साधता येईल.

आता स्वभावाविषयी, जो आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. माझ्या मते त्या गावाचा स्वभाव माणसांच्या तुटवड्यातून घडला आहे. आग लागली तर विझवणारे दल बिनपगारी असते. भोंगा वाजला की हार्डवेअरचे दुकान चालवणारा, शाळेतील शिक्षक आणि जवळच्या मळ्यातील तरुण हातचे काम टाकून धावतात. महापौर दिवसा दुसरीच नोकरी करतो. शाळेची बस चालवणारी बाई शनिवारी ग्रंथालय उघडते. एकाच माणसाला तीन-चार कामे करावी लागतात, त्यामुळे प्रत्येकाचा प्रत्येकाशी कोणत्या ना कोणत्या कामाने संबंध येतोच. सगळ्यांना सगळे ठाऊक असते, असे आपली मुलगी म्हणते, त्याचे कारण हेच आहे. आणि ऐन काढणीच्या दिवसांत एखादा शेतकरी आजारी पडला किंवा वारला, तर शेजारपाजारचे लोक आपापली हार्वेस्टर घेऊन येतात, एका दिवसात त्याचे शेकडो एकर उरकतात, आणि चर्चमधील महिला त्या सगळ्यांना जेवू घालतात. आपल्याकडे पूर्वी इर्जिक घालत असत. ट्रॅक्टर आल्यावर ती बहुतेक ठिकाणी मागे पडली. तेथे मात्र यंत्रे प्रचंड झाली तरी हा रिवाज टिकून राहिला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

शाळा हा त्या गावाचा प्राण आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी मुलांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असेल तर ज्यांची मुले केव्हाच शिकून बाहेर पडली तेही मैदानावर दिसतात. ज्या शाळांत अकरा मुले जमत नाहीत त्या आठ-आठ खेळाडूंचे संघ करून खेळतात, पण खेळ थांबवत नाहीत. इंडियाना राज्यातील मिलान नावाच्या खेड्यातील १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने १९५४ साली राज्याच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मन्सी शहरातील मोठ्या शाळेला ३२-३० असे हरवले, ही गोष्ट त्या मुलखात आजही मुलांना सांगितली जाते. उन्हाळ्यात परगण्याची जत्रा भरते, तेव्हा फोर-एच संघटनेतील शाळकरी मुले स्वतः वाढवलेली वासरे, डुकरे आणि कोंबड्या घेऊन येतात, पंचांसमोर उभी राहतात आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देतात. जुलैमध्ये कितीतरी मुले बियाणे कंपन्यांच्या शेतांत मक्याचे तुरे काढण्याचे काम करून पहिली कमाई करतात. आपण द्राक्षाची विरळणी करणाऱ्या टोळ्या पाहिल्या आहेत; हे काम पाहताना आपल्याला त्यांची आठवण येईल.

आपल्याशी कोणी बोलेल का, याचे उत्तर होय असे आहे, पण त्यात एक बारकावा आहे. समोरून येणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून अनोळखी माणसालाही अभिवादन करील, आणि आपण नवीन आहात हे कळले की शेजारी घरी केलेला केक घेऊन दारात येतील. मात्र मनातले बोलण्याची सवय त्या लोकांना कमी आहे, आणि बाहेरून आलेला माणूस वर्षानुवर्षे थोडासा बाहेरचाच राहतो, अशी खंत तेथे राहिलेले पुष्कळ लोक व्यक्त करतात. यावर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो, तो म्हणजे कामात सामील होणे. चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण असेल तर आपण आपल्या घरचे काही करून न्यावे. तेथे प्रत्येक जण एक पदार्थ आणतो, आणि धर्म कोणता हे कोणी विचारत नाही. आपण शाकाहारी असाल तर तेवढे आधी सांगावे, कारण डुकराचे आणि गाईचे मांस तेथील नेहमीच्या जेवणात असते. सकाळी सहाच्या सुमारास कॅफेत म्हातारे शेतकरी कॉफी घेत बसलेले असतात. त्यांना पाऊस किती झाला एवढे विचारावे; पुढचे संभाषण ते स्वतः चालवतील. आपण द्राक्षे निर्यात करणारे शेतकरी आहात हे समजल्यावर त्यांचे प्रश्न संपणार नाहीत.

शेतीचा क्रम सांगून हे उत्तर पुरे करतो. मक्याची पेरणी एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत चालते, जुलैमध्ये तुरे येतात, आणि काढणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत लांबते. काढणी पाहिल्याशिवाय परतू नये असे मी सुचवीन. आपली गोडी छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरता येत असेल तर दोन्ही साधेल.

प्रश्न : शेती एवढी मोठी आणि उत्पन्न एवढे भरघोस, तर तेथील गावे ओस का पडत आहेत? शेतकरी श्रीमंत आणि गाव गरीब, असे कसे होऊ शकते? (नाशिक रोड येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आपण प्रश्न अचूक मांडला आहे. शेती वाढली म्हणून गाव वाढते, हे तेथे एका मर्यादेपर्यंतच खरे ठरले. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती १९ लाखांवर आली आणि शेतकऱ्याचे सरासरी वय ५८ वर्षांच्या पुढे गेले. ट्रॅक्टर, संकरित मका आणि रासायनिक खतांमुळे एका कुटुंबाला जास्त जमीन कसता येऊ लागली, आणि जो थांबला त्याची जमीन शेजाऱ्याने घेतली.

त्यावर १९८० च्या दशकातील संकट कोसळले. १९७० च्या दशकात धान्याची निर्यात वाढली, जमिनीचे भाव चढले, आणि बँका कर्ज देण्यास उत्सुक होत्या. पुढे महागाई रोखण्यासाठी व्याजदर अतोनात वाढवण्यात आले, १९८० साली सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर बंदी आली, जमिनीचे भाव कोसळले, आणि तारणाची किंमत कर्जाहून कमी झाली. मळ्यांचे लिलाव पुकारले गेले, काही गावांतील बँकाच बुडाल्या, आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्याने जे दुःख पाहिले तसे दुःख तेथील अनेक घरांनी पाहिले. सप्टेंबर १९८५ मध्ये इलिनॉयमधील शँपेन येथे शेतकऱ्यांच्या मदतीसाठी मोठी संगीतसभा झाली, ती याच काळात. त्या वर्षांत गाव सोडून गेलेली तरुण पिढी परतली नाही, आणि तिची मुले त्या गावच्या शाळेत आली नाहीत.

यातील सर्वांत मोठा घाव मला शाळा एकत्र करण्याचा वाटतो. विद्यार्थी कमी झाले की दोन-तीन गावांच्या शाळा एक होतात आणि सगळ्या गावांची नावे जोडून शाळेला लांबलचक नाव मिळते. ज्या गावातील इमारत बंद होते तेथे शुक्रवारचा सामना नाही, संमेलन नाही, शिक्षकांची घरे नाहीत. दुकान बंद झाले तर लोक वीस मैल गाडी चालवतात. शाळा बंद झाली की तरुण कुटुंबे तेथे घरच घेत नाहीत. खर्चाचा हिशेब पाहता एकत्रीकरण योग्य असते, हे मला मान्य आहे. तरीही कमी पटाच्या शाळांचा विचार आपल्या राज्यात चालू असताना हा अनुभव तपासला गेला पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते.

सगळी गावे मात्र ओस पडलेली नाहीत. मांसप्रक्रियेचे कारखाने असलेल्या गावांत मेक्सिको, मध्य अमेरिका आणि आग्नेय आशियातून कामगार आले. आयोवातील स्टॉर्म लेक हे सुमारे अकरा हजार वस्तीचे गाव त्याचे उदाहरण होय. तेथील शाळांत अनेक भाषा बोलणारी मुले शिकतात. याच गावच्या छोट्या वृत्तपत्राचे संपादक आर्ट कलन यांना शेतीतील बड्या कंपन्यांच्या हितसंबंधांवर आणि शेतातील खतांतून वाहून येणाऱ्या नायट्रेटमुळे होणाऱ्या नद्यांच्या प्रदूषणावर लिहिलेल्या अग्रलेखांसाठी २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्या शेतकऱ्यांच्या जाहिरातींवर आणि वर्गणीवर पत्र चालते त्यांच्याच खताविषयी खरे लिहिणे सोपे नव्हते. बाहेरून आलेल्या माणसांवर गाव तगते, हे डॉक्टरांच्या बाबतीतही खरे आहे. ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नाहीत म्हणून १९९४ साली एक योजना सुरू झाली, जिच्यानुसार परदेशी डॉक्टरांनी अशा ठिकाणी तीन वर्षे सेवा दिली तर त्यांना देशात राहता येते. पंचवीस खाटांच्या त्या छोट्या रुग्णालयांत भारतीय डॉक्टर भेटतात ते पुष्कळदा या योजनेमुळे, आणि ते नसते तर कित्येक गावांना रुग्णालयही राहिले नसते.

प्रश्न : शिकागोचे भाव पडले म्हणून आपल्याकडे सोयाबीन पडले, असे व्यापारी सांगतात. तेथील खेड्यातील शेतकरी आपला माल कसा विकतो? (येवला तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : लासलगावला आपला ट्रॅक्टर उभा राहतो आणि व्यापारी ढिगाभोवती बोली लावतात, तसा लिलाव तेथे होत नाही. १८४८ साली स्थापन झालेल्या शिकागोच्या धान्यबाजारात पुढील महिन्यांचे वायदे, म्हणजे तेव्हा द्यावयाच्या मालाचे आगाऊ भाव, ठरतात, आणि गावचे एलिव्हेटर त्यातून वाहतुकीचा व साठवणुकीचा खर्च वजा करून आपला भाव फलकावर किंवा मोबाइलवर जाहीर करते. त्यामुळे शेतकरी पेरणीच्या आधी, जानेवारीतच, ऑक्टोबरच्या मालाचा काही हिस्सा ठरलेल्या भावाने विकू शकतो, काही हिस्सा स्वतःच्या कणग्यांत ठेवू शकतो, आणि उरलेल्याचा धोका पत्करतो. कॅफेतील गप्पांचा निम्मा विषय हाच असतो.

हे भाव सुरुवातीपासून सरळ मिळत नव्हते. रेल्वे आणि कोठारवाले मनमानी दर लावत, म्हणून १८६७ साली स्थापन झालेल्या ग्रेंज या शेतकरी संघटनेने लढा दिला, आणि कोठारांचे दर राज्य सरकार ठरवू शकते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८७७ साली इलिनॉयच्या प्रकरणात दिला. १९२२ साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग नाही, हे कायद्याने स्पष्ट झाले, आणि सहकारी कोठारांना बळ आले. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीला सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांची स्वतःची प्रक्रिया व निर्यात उभी केली आहे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना यातील मर्म वेगळे सांगायला नको.

आपल्या भावाशी शिकागोचा संबंध खरा आहे, पण तो मुख्यतः सोयापेंड आणि तेलाच्या वाटेने येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याकडे सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोचले असताना केंद्राने जनुकीय बदल केलेल्या बियाण्याच्या बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. नंतर भाव उतरले, आणि त्यात नव्या पिकाच्या आवकेचाही वाटा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शेअर व वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, आणि ती स्थगिती पुढे वारंवार वाढवण्यात आली. म्हणजे शिकागोच्या भावाचा फटका आपल्या शेतकऱ्याला बसतो, पण आयोवातील शेतकरी ज्या वायद्याने तो फटका आधीच थोपवतो, तो वायदा त्या स्थगितीमुळे आपल्या शेतकऱ्याच्या हातून गेला. व्यापारी शिकागोचे नाव घेतील तेव्हा त्यांना सोयापेंडीचा त्या दिवसाचा भाव विचारावा आणि आपल्या बाजार समितीतील दर त्याच्याशी ताडून पाहावा.